गाडी कुठवर आली? हौशी रेडिओवरून वाहनांचा माग

राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. स्थानकातून सुटलेली गाडी वाटेत नेमकी कोठे आहे, हे क्षणोक्षणी कळण्याची कोणतीही सोय त्या काळी नव्हती. गाडी पोहोचली की पोहोचली, आणि उशीर झाला की वाट पाहायची, एवढेच प्रवाशांच्या हाती होते. आज चित्र पालटले आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थान कळविणारे उपकरण आणि संकटसमयी दाबायचे बटण असावे, असा नियम केंद्र सरकारने केला. मात्र ही उपकरणे आपली माहिती मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यातून पाठवितात. जेथे मोबाईलची रेंज संपते, तेथे ताजे स्थान कळणेही थांबते. असे जाळे नसतानाही वाहनाचे स्थान कळविणारी एक यंत्रणा जगभरातील हौशी रेडिओचालक अनेक वर्षे वापरीत आहेत. तिचे नाव ‘ऑटोमॅटिक पॅकेट रिपोर्टिंग सिस्टिम’, अर्थात ‘एपीआरएस’.

काय आहे ही यंत्रणा?

हौशी रेडिओ म्हणजेच ‘हॅम रेडिओ’. सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेली व्यक्ती स्वतःचे बिनतारी केंद्र चालवू शकते, जगभरातील अशाच परवानाधारकांशी बोलू शकते आणि रेडिओ तंत्राचे प्रयोग करू शकते. त्यातून पैसा मिळवायचा नाही, ही त्याची मूळ अट. ‘एपीआरएस’मध्ये मात्र माणूस बोलत नाही, त्याचा संच बोलतो. वाहनातील उपग्रह-स्थानदर्शक म्हणजे जीपीएस ग्राहक आपले अक्षांश-रेखांश शोधतो. एक छोटे उपकरण ही माहिती ध्वनीच्या स्वरूपात बदलते आणि वायरलेस संच ती प्रक्षेपित करतो. या छोट्या संदेशाला ‘पॅकेट’ म्हणतात. त्यात चालकाचे संकेतनाम, स्थान, वेग, दिशा, हवी असल्यास समुद्रसपाटीपासूनची उंची आणि दोन-चार शब्दांचा मजकूर असतो. नकाशावर कोणते चिन्ह उमटावे, मोटार, ट्रक, रुग्णवाहिका की पायी चालणारा माणूस, हेही त्यातच सांगितलेले असते.

प्रत्येक परवानाधारकाचे संकेतनाम जगात एकमेव असते. भारतातील हौशी केंद्रांची संकेतनामे बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. एकाच व्यक्तीची घरी, गाडीत आणि हातात अशी तीन केंद्रे असली तर ती वेगळी ओळखू यावीत म्हणून नावापुढे एक आकडा जोडतात. ९ हा आकडा मुख्य फिरत्या वाहनासाठी, तर ७ हा हातातील संचासाठी, असा सर्वसाधारण संकेत आहे.

घोड्यांच्या शर्यतीपासून सुरुवात

या यंत्रणेचे जनक बॉब ब्रुनिंगा. अमेरिकेच्या नौदल अकादमीत ते अभियंता होते. नौदलाकडून येणारे स्थानविषयक बिनतारी संदेश नकाशावर उमटविण्यासाठी त्यांनी १९८२ मध्ये ‘ॲपल-२’ या संगणकावर एक आज्ञावली लिहिली. १९८४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती त्यांनी शंभर मैलांच्या एका अश्वशर्यतीत वापरली. कोणता घोडा कोठवर आला आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे कळविणे हा तिचा उद्देश होता. म्हणजे आज मोटारींचा माग काढणारी ही यंत्रणा पहिल्यांदा घोड्यांच्या मागे धावली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

पुढे जीपीएस ग्राहक सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले आणि १९९० च्या दशकात या यंत्रणेने आजचे रूप घेतले. त्या काळी अमेरिकी सरकार नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर चूक मिसळत असे. त्यामुळे स्थान सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकू शकत होते. मे २००० मध्ये ही चूक मिसळणे बंद झाले आणि गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हेही स्पष्ट दिसू लागले. ब्रुनिंगा यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये निधन झाले. केवळ वाहनांचा माग काढणे हा आपल्या यंत्रणेचा हेतू नाही, परिसरात या क्षणी काय चालले आहे हे सर्वांना एकाच वेळी कळावे हा तिचा खरा उद्देश आहे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच याच पॅकेटमधून हवामानाच्या नोंदी आणि छोटे लेखी निरोपही पाठविता येतात.

गाडीतून नकाशापर्यंत

वाहनात लागणारी सामग्री फार मोठी नसते. जीपीएस ग्राहक, संदेश तयार करणारे उपकरण, वायरलेस संच आणि टपावर ॲन्टेना, एवढ्यावर काम भागते. वीज गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतूनच मिळते. हे काम मुख्यत्वे ज्या पट्ट्यात चालते, त्याला तरंगलांबीवरून ‘दोन मीटरचा पट्टा’ म्हणतात. भारतात तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ असा आहे. या पट्ट्यासाठी टपावर पाव तरंगलांबीची, म्हणजे सुमारे अर्धा मीटर उंचीची काडी पुरते.

गाडीतून निघालेले पॅकेट जवळच्या एखाद्या उंच ठिकाणी असलेले केंद्र ऐकते आणि तेच पॅकेट पुन्हा प्रक्षेपित करते. अशा केंद्राला ‘डिजिपीटर’ म्हणतात. एका डिजिपीटरचे पॅकेट दुसरा ऐकतो, दुसऱ्याचे तिसरा. हा प्रवास अखंड चालू राहू नये म्हणून किती टप्पे पुढे जायचे, हे पॅकेटमध्येच लिहिलेले असते. वाटेत एखादे केंद्र इंटरनेटला जोडलेले असले तर ते हीच माहिती जगभर पोहोचविते. ‘एपीआरएस डॉट एफआय’ या फिनलंडमधून चालणाऱ्या संकेतस्थळावर अशी जगभरातील वाहने नकाशावर कोणालाही पाहता येतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इंटरनेट हा या यंत्रणेचा केवळ शेवटचा आणि ऐच्छिक दुवा आहे. नियंत्रण कक्षात वायरलेस संच असेल आणि संगणकात नकाशा आधीच साठविलेला असेल, तर इंटरनेट पूर्ण बंद असतानाही परिसरातील गाड्या पडद्यावर दिसत राहतात. याउलट, मोबाईलमधील काही ॲप्लिकेशन रेडिओ न वापरता इंटरनेटवरूनच स्थान पाठवितात. नकाशावर दोन्ही ठिपके सारखेच दिसतात. मोबाईलचे जाळे कोसळले की त्यांतील एक गायब होतो. संकटकाळाची तयारी करताना हा फरक विसरून चालत नाही.

उंचीचे गणित

दोन मीटर पट्ट्यातील लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की संपर्क तुटतो. सपाट रस्त्यावर धावणाऱ्या दोन मोटारींना एकमेकींचे पॅकेट दहा-बारा किलोमीटरपलीकडे ऐकू येणे कठीण असते. उंची वाढली की चित्र बदलते. प्रक्षेपकाची मीटरमधील उंची घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे त्या उंचीवरून रेडिओ लहरींना दिसणाऱ्या क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर होय.

२०२४ मध्ये अहिल्यानगर असे अधिकृत नामकरण झालेला जुना अहमदनगर जिल्हा हे गणित समजून घेण्यासाठी उत्तम उदाहरण ठरावा. क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याचा विस्तार १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. पूर्वेकडे शेवगाव, पाथर्डीपर्यंत पसरलेले पठार, तर पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाई, अदुला, बाळेश्वर आणि हरिश्चंद्रगड या डोंगररांगा. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर याच तालुक्याच्या सीमेवर उभे आहे. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे. म्हणजे शिखर शहराच्या पातळीपेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच. वरील सूत्राने क्षितिज सुमारे १३० किलोमीटरवर येते. कळसूबाईपासून नगर शहराचे सरळ अंतर साधारण १२० किलोमीटर आहे. कागदावर पाहता एकच शिखर निम्म्याहून अधिक जिल्हा ऐकू शकते.

प्रत्यक्षात मात्र डोंगर मध्ये येतात. शिखराच्या पायथ्याशी, त्याच्याच आडोशाला असलेल्या दऱ्या त्या शिखराला दिसत नाहीत. प्रवरेच्या खोऱ्यातील रतनवाडी आणि हरिश्चंद्रगडाच्या कुशीतील पाचनई यांच्यामध्ये डोंगररांगा उभ्या आहेत. साहजिकच एका डिजिपीटरवर सर्व खोरी ऐकू येणे शक्य नाही. प्रत्येक खोऱ्याच्या माथ्यावर लहान केंद्र लागेल आणि त्यांची साखळी जोडावी लागेल. शिवाय हा बराचसा प्रदेश कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तेथे मनोरा किंवा सौरपट्टी उभारण्याआधी वन विभागाची परवानगी अनिवार्य ठरते. पावसाळ्यातील धुवांधार पाऊस आणि वारा यांना तोंड देईल अशी उभारणी हा आणखी वेगळा प्रश्न.

वाहिनी एक, गाड्या अनेक

या यंत्रणेत परिसरातील सर्व गाड्या एकच वाहिनी वापरतात. माहिती पाठविण्याचा वेग सेकंदाला अवघा १,२०० बिट. आजच्या मोबाईलशी तुलना करता हा वेग गोगलगायीचा वाटेल. साधारण शंभर अक्षरांच्या एका पॅकेटला जवळजवळ एक सेकंद लागतो. म्हणजे मिनिटाला फार तर ६० पॅकेट. डिजिपीटरने प्रत्येक पॅकेट एकदा पुन्हा उच्चारले की उरतात ३०. त्यातही दोन गाड्या एकाच क्षणी बोलल्या तर एखादे पॅकेट किंवा दोन्ही वाया जातात. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘अलोहा’ या बिनतारी जाळ्याच्या अभ्यासातून असे दिसून आले होते, की प्रत्येकाने इतरांचे न ऐकता मनाला येईल तेव्हा संदेश सोडला, तर वाहिनीच्या क्षमतेचा जेमतेम पाचवा भाग कामी येतो.

म्हणूनच हौशी चालकांत काही शिस्त पाळली जाते. उभ्या गाडीने दर मिनिटाला स्थान सांगण्याचे कारण नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी मिनिटाला एक किलोमीटर पुढे सरकते. तिने मिनिट-दोन मिनिटांनी बोलावे. घाटात वेग कमी असला तरी वळणे अधिक असतात. तेथे केवळ वेळेवर विसंबले तर नकाशावरील रेषा दरीतून गेल्यासारखी दिसते. यावर उपाय म्हणून अनेक उपकरणे वेग आणि वळण पाहून पॅकेट केव्हा सोडायचे ते स्वतःच ठरवितात. सरळ रस्त्यावर ती कमी बोलतात. गाडी वळली की लगेच बोलतात.

ठिपका म्हणजे गाडी नव्हे

या यंत्रणेची सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी, की पाठविलेले पॅकेट कोणी ऐकले की नाही, हे पाठविणाऱ्या गाडीला कळत नाही. स्थानाच्या पॅकेटला पोच मिळत नाही. व्यापारी कंपन्यांची अनेक उपकरणे रेंज नसताना माहिती साठवून ठेवतात आणि रेंज मिळताच मागची सर्व स्थाने पाठवितात. ‘एपीआरएस’मध्ये हुकलेले पॅकेट सहसा कायमचे हुकते. पुढचे पॅकेट नवे स्थान सांगते.

याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. नकाशावर दिसणारा ठिपका गाडी आत्ता कोठे आहे हे सांगत नाही. ती शेवटची कोठे ऐकू आली, एवढेच सांगतो. ठिपका घाटाच्या तोंडाशी थांबला असेल तर गाडी बंद पडली आहे, की दरीत उतरल्याने ऐकू येईनाशी झाली आहे, हे नुसत्या नकाशावरून ओळखता येत नाही. त्यामुळे अनुभवी चालक ठिपक्यासोबत त्याची वेळ पाहतात आणि त्या परिसरातील आवाजाच्या आडोशाच्या जागा आधीच नोंदवून ठेवतात. शोधपथकाला कोठे पाठवायचे, हा निर्णय ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याने पाच मिनिटांपूर्वीचा आणि दोन तासांपूर्वीचा ठिपका एकसारखा मानला तर पथक भलत्याच जागी जाऊन पोहोचेल.

आकाशातील डिजिपीटर

डोंगर आडवे येत असतील तर डोंगरांहून उंच जागा शोधावी, हा विचार ओघानेच येतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हौशी रेडिओचा संच आहे. तो १४५.८२५ मेगाहर्ट्झवर पॅकेट ऐकून पुन्हा प्रक्षेपित करीत आला आहे. भारतानेही या क्षेत्रात पाऊल टाकले. १ एप्रिल २०१९ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘पीएसएलव्ही-सी४५’ या अग्निबाणाने ‘एमिसॅट’ हा मुख्य उपग्रह आणि २८ परदेशी लघुउपग्रह सोडले. काम संपल्यावर एरवी निरुपयोगी ठरणारा अग्निबाणाचा चौथा टप्पा या वेळी सुमारे ४८५ किलोमीटर उंचीवर आणून प्रयोगांसाठी वापरण्यात आला. त्यावरील तीन प्रयोगांपैकी एक होता ‘ॲमसॅट इंडिया’ या हौशी उपग्रह-रेडिओ संस्थेचा ‘एपीआरएस’ डिजिपीटर.

त्याआधी ५ मे २००५ रोजी ‘इस्रो’ने ‘हॅमसॅट’ हा खास हौशी रेडिओसाठीचा उपग्रह सोडला होता. २०१४ पर्यंत त्याने सेवा दिली. अर्थात पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह एका ठिकाणाहून एका फेरीत फार तर दहा-बारा मिनिटे दिसतो. त्यामुळे सलग माग ठेवण्यासाठी जमिनीवरील साखळीला पर्याय नाही. डोंगराने वेढलेल्या गाडीतून दिवसात दोन-चार वेळा ‘आम्ही येथे आहोत’ एवढे कळविण्यास मात्र तो उपयोगी पडू शकतो.

कोणी वापरावी, कोणी नाही?

हंगामात उसाने भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर रांगा लावतात. त्यांचा माग या यंत्रणेने ठेवता येईल का, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हौशी सेवेचा परवाना व्यापारी कामासाठी वापरता येत नाही. कारखाने, वाहतूकदार, टॅक्सी कंपन्या यांना मोबाईलवर आधारित उपकरणे किंवा स्वतंत्र परवान्याची वायरलेस व्यवस्था हाच मार्ग आहे.

दुसरी मर्यादा गोपनीयतेची. हौशी केंद्रांनी अर्थ लपविण्यासाठी सांकेतिक भाषा वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे ‘एपीआरएस’वरील स्थान कोणालाही वाचता येते. रोकड नेणारी गाडी किंवा ज्यांच्या हालचाली गुप्त राहाव्यात अशी माणसे यांच्यासाठी ही यंत्रणा मुळीच नाही. हौशी चालकानेही आपल्या रोजच्या ये-जा करण्याच्या वेळा आणि घराची जागा साऱ्या जगाला कळते आहे, याचे भान ठेवायला हवे.

परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील ‘वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन’ शाखेकडून मिळतो. त्यासाठी रेडिओ तंत्र आणि नियम यांवरील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. परवान्याशिवाय संच प्रक्षेपणासाठी वापरणे हा गुन्हा आहे. बाजारात स्वस्त संच सहज मिळतात, म्हणून ही अट दृष्टिआड करता येणार नाही.

संकटाआधीची तयारी

मोबाईल घरोघरी पोहोचला असताना या जुन्या वाटणाऱ्या तंत्राची गरज काय? त्याचे उत्तर आपल्याच राज्याच्या इतिहासात सापडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आणि २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी आपद्ग्रस्त भागांतून संपर्क साधून दिला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला, तेव्हा योगायोगाने तेथे असलेल्या हौशी चालकांच्या चमूनेच बाहेरच्या जगाशी दुवा जोडला. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईसारख्या महानगरातही दूरध्वनी आणि मोबाईल कोलमडले होते.

नगरच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातील माळीणची आठवण तर अधिक बोलकी आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगरकडा कोसळून आंबेगाव तालुक्यातील हे गाव गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. गाव दिसेनासे झाल्याचे प्रथम ध्यानात आले ते तेथे नेहमीप्रमाणे गाडी घेऊन पोहोचलेल्या एसटीच्या चालकाच्या. सह्याद्रीच्या अशा कोपऱ्यांत एखादे वाहन आणि त्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क यांचे मोल किती, हे त्या दिवशी दिसून आले. मदतपथकांची कोणती गाडी कोणत्या वाटेने पुढे गेली, कोणती दरडीमुळे अडली, हे नियंत्रण कक्षातील पडद्यावर दिसत असेल तर एकाच वाटेवर दोन पथके पाठविण्याची आणि दुसरी वाट मोकळी राहण्याची चूक टळू शकते.

परंतु ही व्यवस्था संकट कोसळल्यावर उभी करता येत नाही. संच आणि जीपीएस एका दिवसात विकत घेता येतात. डोंगरमाथ्यावरील केंद्र, वन विभागाची परवानगी, खोऱ्याखोऱ्यांतून गाडी फिरवून केलेली चाचणी आणि परवाना हाती असलेली माणसे मात्र एका दिवसात मिळत नाहीत. महाविद्यालयांतील विज्ञानाचे विद्यार्थी, गिर्यारोहण संस्था आणि जिल्ह्याची आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा यांनी पावसाळ्याआधी एकत्र बसून ही साखळी उभारण्याचा विचार केला, तर त्याचा लाभ दऱ्याखोऱ्यांतील गावांना होईल. पंचाहत्तर वर्षांपूर्वी सुटलेल्या गाडीची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. आज तो इलाज आहे. मात्र त्यासाठी डोंगरावर कोणीतरी ऐकणारे आधीपासून असावे लागते.